खाणीवर, शंभरवर

३ फेब्रुवारी

चि. भाचेबाई,

अनेक आशीर्वाद. द्यायला दुसरं काही नसलं की माणूस आशीर्वाद तरी अनेक देतो.

तुम्ही मोजणीवाले काल दुपारीच खाणीवरून गाशा गुंडाळून डोंगरावर गेलात, तिथे फोन लागत नाही आणि टपाल आठवड्यातून एकदा किराण्याच्या जीपबरोबर वर चढतं, हे तुझ्या आईकडून कळलं. म्हणून हे पत्र. दुसऱ्या कुणीतरी तिखटमीठ लावून सांगण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. काल सकाळी माझ्या विमानाला घार धडकली. मी धडधाकट आहे. ताईला मी 'काच तडकली' एवढंच सांगितलंय, तूही तेवढंच सांग. पूर्ण सांगितलं तर ती इथे येऊन माझ्या उशाशी बसेल आणि मग मी खरंच आजारी पडेन.

झालं असं. माझी शिकाऊ, ती दंतवैद्य बाई, आठवते ना? पंचेचाळिशीची, दोन मुली कॉलेजात, आणि उडायचं वेड माझ्यापेक्षा जास्त. ती डावीकडे बसून विमान उतरवत होती, मी नेहमीसारखा उजवीकडे. समोर धावपट्टी, खाली तुमची ती दगडाची खाण, उंची तीनशे फूट. सगळं इतकं झकास चाललं होतं की मी मनातल्या मनात तिला शाबासकी देत होतो. आणि एकदम धाड. पुढची काच फुटून आत आली.

विमान मी हातात घेतलं. इतकी वर्षं पोरांना एकच सांगत आलोय, आधी विमान उडव, मग घाबर. ते काल स्वतःला सांगावं लागलं. नाक जरा खाली, वेग कायम. पंखा फिरतोय, इंजिन चालू आहे, दांडा माझं ऐकतोय. बस. एवढं असलं की उगाच वळायचं नाही आणि पंखांच्या झडपांना हात लावायचा नाही, कारण कुठे काय मोडलंय ते बसल्या जागेवरून दिसत नाही. जे चालतंय ते चालू द्यावं. तोंडावर वारा असा होता की डोळे उघडवत नव्हते. पण उतरलो, आणि धावपट्टीच्या मधल्या रेषेवर उतरलो. त्याचा मला अजून अभिमान वाटतोय, म्हणजे बघ मी किती थकलोय.

बाईंच्या उजव्या हातावर काच गेली. दोन बोटं वाकत नाहीत. दाताच्या डॉक्टरची बोटं, भाचेबाई. टाके घालताना ती हसत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

अहवालात मी घार असं लिहिलं. खाणीवर त्या फिरतच असतात. तिथे तुला कधी दिसल्या का?

तुझा,
मामा


१२ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र जीपवाल्याच्या हातातून घेतलं आणि तिथेच दगडावर बसून वाचलं. तू बरा आहेस ना? खरं सांग. तुझं 'धडधाकट' मला माहीत आहे, घरात पाय मोडून पडला होतास तेव्हाही तू धडधाकटच होतास.

घारी होत्या खाणीवर, हो. दोन-तीन कायम असायच्या. पण तू नक्की घारच पाहिलीस का? म्हणजे पंख, पिसं असं काही? की नुसतं काहीतरी काळं? सहज विचारतेय. रक्त वगैरे लागलं होतं का काचेला?

आमची त्या दिवशी सकाळपासूनच रड होती. आठ-सव्वाआठलाच ड्रोनची बॅटरी दगावली आणि ते खाणीतल्या पाण्यात पडलं. बुडालंच. मग थांबून करायचं काय, म्हणून आवरलं आणि निघालो. तुला भेटायलाही आले नाही, त्याबद्दल चिडू नकोस. इथे विजेच्या तारांची मोजणी आहे, नवीन ड्रोन आलंय. थंडी अशी की बोटं बधिर होतात आणि पडद्यावरची बटणं दाबली जात नाहीत. माझा जोडीदार, तो ड्रोन उडताना आभाळाकडे लक्ष ठेवायला असतो तो, दिवसभर शिंकतो.

दंतवैद्य बाईंच्या बोटांचं काय म्हणाले डॉक्टर? मला ते कळव. आईला काही बोलणार नाही.

भाचेबाई


१८ फेब्रुवारी

चि. भाचेबाई,

बोटांचं शस्त्रक्रियेनंतर कळेल म्हणतात. दवाखाना बंद ठेवलाय तिनं. मी फळं घेऊन गेलो होतो, तर मलाच सोलून द्यावी लागली.

आता ऐक. घार नव्हती. आमच्या मेकॅनिकनं इंजिनाच्या पुढच्या जाळीतून काळ्या प्लास्टिकचं पातं काढलं, बोटाएवढं, आणि माझ्यापुढे धरून म्हणाला, साहेब, ही घार कुठल्या झाडावर घरटं बांधते? सगळे हसले. मीही हसलो. मग वरच्या कार्यालयातून चौकशी लागली. ड्रोन कुणाचं ते कुणालाच माहीत नाही. तुमचं तर तासभर आधीच बुडालेलं, तुझ्या कंपनीनंही तसंच कळवलंय म्हणे. आजकाल कुणाच्याही हातात ते खेळणं असतं.

आमच्या फ्लाइंग क्लबच्या सेक्रेटरींनी माझ्यावर काम टाकलंय, वैमानिकांसाठी फळ्यावर लावायला एक सूचना लिहायची. ड्रोन कसं टाळावं, धडकलंच तर काय करावं. ज्याला धडकलं त्यानंच लिहावं, असा त्यांचा न्याय. अर्धी लिहिली आहे. ड्रोन तुमच्यासाठी बाजूला होईल या भ्रमात राहू नका. पक्षी बहुतेक वेळा विमान पाहून खाली बुडी मारतो, म्हणून आपण वरून जायला बघतो. या यंत्राला ना भीती ना अक्कल. उतरताना लांबून सावकाश, खालून खालून येऊ नका, धावपट्टी जवळ येईपर्यंत उंची राखा, कारण ही पिलावळ खालच्या थरातच असते. दिवसासुद्धा पुढचा दिवा लावा, म्हणजे तुम्हाला नाही दिसलं तरी खालच्याला तुम्ही दिसाल. आत दोघं असाल तर दोघांनीही बाहेर बघा, आणि ज्याला दिसेल त्यानं बोलावं. निघण्याआधी आसपास कुठे ड्रोनचं काम आहे का ते विचारा. धडकलं तर वेळ आणि जागा लिहून ठेवा, आणि विमानाला ओरखडा दिसला नाही तरी मेकॅनिकनं पाहिल्याशिवाय परत उडू नका.

शेवटचं वाक्य लिहून होतं तोवर हात दुखायला लागला. तू त्या बाजूची माणूस, तुमच्या बाजूनं काय लिहू ते सांग. मला हे सगळं कमीपणाचं वाटतंय. छत्तीस वर्षं उडवतोय आणि आता प्लास्टिकच्या माशीवर निबंध.

तुझा,
मामा


२६ फेब्रुवारी

मामा,

सूचना चांगली आहे. आमच्या बाजूचं सांगते.

आमच्यातला माणूस पडद्याकडे बघत असतो. विमान त्याला दिसत नाही, आधी ऐकू येतं, आणि ऐकू आलं की कुठून येतंय ते कळायला वेळ लागतो. खाणीत तर आवाज चारी भिंतींवरून फिरतो. म्हणून आभाळाकडे बघणारा जोडीदार शेजारी हवाच, तो नसेल तर ड्रोन उडवूच नये. विमानाला वाट द्यायचं काम आमचं, तुमचं नाही. विमान आलं की ड्रोन सरळ खाली आणायचं. पण ते दगडासारखं पडत नाही, सावकाश उतरतं, तेवढ्यात तुमचं विमान डोक्यावर आलेलं असतं. तेव्हा आमच्यावर फार विसंबू नका असं लिही.

आणि एक. कुणी ड्रोनची उंची कळवली तर मीटर की फूट ते विचारा. आम्ही मीटरमध्ये बोलतो. आम्हाला ते सांगायचं सुचतसुद्धा नाही, कारण आमच्यात दुसरं काही नसतंच. हे ठळक लिही.

मी बरी आहे. जेवण जात नाही, पण ते इथल्या स्वयंपाक्यामुळे. पत्र लहान आहे, थकलेय.

चौकशीत तुला काय विचारतात ते कळव. आणि ड्रोन कुणाचं ते कळलं तरीही कळव.

भाचेबाई


७ मार्च

चि. भाचेबाई,

तुझं मीटर-फुटाचं ठळक लिहिलं. लाल खडूनं. पण आता ती सूचना माझ्या नावानं लावावी की नाही, याचाच विचार चाललाय सेक्रेटरींचा.

चौकशीचे साहेब आले होते. वयानं माझ्या निम्मे, बोलायला गोड. त्यांनी रेडिओवरचं रेकॉर्डिंग लावलं. आमच्याकडे रेडिओवर कोण असतं ते तुला माहीत आहे, ती घोषणाबाई, एक वाक्य दोनदा कधी सांगायची नाही. तिचं वाक्य: 'खाणीवर ड्रोन आहे, शंभरवर.' वेळ नऊ वाजून चार मिनिटं. त्यावर माझं उत्तर: 'समजलं.' आणि नऊ वाजून सहा मिनिटांनी धाड.

साहेब म्हणाले, तुम्हाला ड्रोन आहे असं सांगितलं, तुम्ही समजलं म्हणालात, सरळ त्यात घुसलात आणि वर अहवालात घार लिहिलीत. आम्ही याचा अर्थ काय लावायचा? मी समोरच्या कागदावरचं वाक्य परत वाचलं. घोषणाबाई म्हणते, तिला मोजणीवाल्यांचा सकाळी फोन आला होता, वेळ तिनं टिपली नाही. मी साहेबांना सांगितलं की तुमचं यंत्र आठलाच बुडालं होतं, माझी भाची खोटं बोलणार नाही. तेव्हा ते म्हणाले, मग बाईंनी शिळी बातमी सांगितली असेल आणि ड्रोन तिसऱ्याच कुणाचं असेल. त्यानं तुमची सुटका होत नाही.

माझं उडणं बंद केलंय. डोळे तपासायला पाठवलं, डोळे ठीक निघाले. आता म्हणतात, डोळे ठीक आहेत तर मग एकतर लक्ष नाही, नाहीतर खोटेपणा आहे. एप्रिलच्या शेवटी निकाल. परवाना जाणार असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं दिसतं. मेकॅनिक हल्ली माझ्याशी थट्टा करत नाही.

तुला म्हणून सांगतो. सकाळी उठतो, बूट घालतो, आणि मग आठवतं की कुठे जायचं नाहीये. तरी जातो. वाऱ्याची पिशवी कुठल्या बाजूला फुगलीय ते बघतो आणि परत येतो. बायको नाही, मूलबाळ नाही, होतं ते हे एवढंच होतं. गेलं तर उरलेल्या दिवसांचं मी काय करू, मला खरंच कळत नाही.

जाऊ दे. स्वयंपाक्याशी भांड आणि जेवत जा.

तुझा,
मामा


२ एप्रिल

मामा,

हे पत्र डोंगरावरून नाही. मी चार दिवसांपूर्वी खाली आले. तुझ्याकडे न येता चौकशीच्या कार्यालयात गेले. आता इथल्या एका लॉजवर बसून लिहितेय, कारण तुझ्यासमोर बसून हे बोलायची माझी छाती नाही.

ड्रोन माझं होतं.

आठला काही बुडालं नाही. जोडीदार दुसरी बॅटरी आणायला गाडीकडे गेला होता आणि मी थांबले नाही, एकटीनंच उडवलं. दुपारपर्यंत काम संपवायचं होतं, कंपनीच्या साहेबांना दाखवायचं होतं की मला तुकडी सांभाळता येते. आठ वाजून पन्नास मिनिटांनी मी घोषणाबाईंना फोन केला आणि म्हटलं, खाणीवर आमचं ड्रोन आहे, शंभरवर. त्यांनी तेच शब्द जसेच्या तसे पुढे सांगितले. शंभर मीटर, मामा. म्हणजे तुमचे तीनशे तीस फूट. तू तीनशेवर होतास.

तुझ्या विमानाचा आवाज मी ऐकला. मला वाटलं, वरून जातंय. पडद्यावरून मान वर केली तोपर्यंत पडदा काळा झाला होता. मला तेव्हाच कळलं. मी कड्यावर पळत गेले आणि तू धावपट्टीवर उतरलास ते पाहिलं. विमान थांबलं, दार उघडलं, तू बाहेर आलास, मग तू त्या बाईंना हाताला धरून उतरवलंस. सगळं दिसलं मला. दीड किलोमीटर अंतर. आणि मी तुझ्याकडे आले नाही. मी वहीत वेळ बदलून लिहिली आणि सामान बांधलं. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं होतं, सुटले, मामाला घारच वाटली. पण नंतर एकेक पत्र वाचताना कळत गेलं. तू मला ओळखून होतास. रेडिओवर ड्रोन म्हणून स्पष्ट सांगितलेलं ऐकून कुणी घार कशाला लिहील? तुला त्याच क्षणी कळलं असणार की खाणीवर तुझ्या भाचीशिवाय ड्रोन उडवणारं दुसरं कुणी नाही. म्हणून तू घार लिहिलीस. म्हणून साहेबांना म्हणालास, माझी भाची खोटं बोलणार नाही. ते वाक्य माझ्यासाठीच लिहिलं होतंस ना? मी ते रोज वाचलं. माझी नोकरी वाचावी म्हणून तू तुझं आयुष्यभराचं उडणं सोडायला निघालास, आणि मी डोंगरावर बसून तुला सूचना लिहायला मदत करत होते.

चौकशीच्या साहेबांना मी सगळं सांगितलं. मीटर म्हणायचं राहिलं तेही. ते बराच वेळ कागदावर आकडेमोड करत होते. मग म्हणाले, वैमानिकाला शंभर म्हटलं की तो फूटच समजणार, दोनशे फूट वरून जातोय म्हणून निर्धास्त राहणार, यात त्यांची काही चूक दिसत नाही. मी म्हटलं, हेच सांगायला आलेय.

माझा परवाना वर्षासाठी काढून घेतलाय. कंपनीनं हाकललं नाही, ऑफिसात नकाशे जोडायला बसवणार आहेत. त्याचं मला काही वाटत नाही. तू परत उडशील, एवढं झालं म्हणजे झालं.

दंतवैद्य बाईंना मी स्वतः पत्र लिहिलंय. उत्तर आलं नाही, येऊही नये.

तुझी,
भाचेबाई


२७ एप्रिल

मामा,

आईकडून कळलं की तुला निर्दोष सोडलं. तुझ्याकडून एक ओळ नाही. रागावला असशील तर तसं लिही, मी ऐकून घेईन. पण काहीतरी लिही.

भाचेबाई


९ मे

चि. भाचेबाई,

उत्तराला उशीर झाला. तुझ्यावर रागावलोय, पण उशीर त्यामुळे झाला नाही.

तुझं एप्रिलचं पत्र मी चार वेळा वाचलं. प्रत्येक वेळी त्यातला तो मामा मला भेटला, भाचीसाठी उडणं सोडायला निघालेला. फार चांगला माणूस आहे. मला त्याची ओळख नव्हती. भाचेबाई, मी एवढा थोर नाही गं. घार लिहिली कारण मला घारच वाटली. ड्रोन आहे हे मला कुणी सांगितलंय याचा पत्ताच नव्हता. आणि 'माझी भाची खोटं बोलणार नाही' हे मी लिहिलं, कारण मला तसं वाटत होतं. त्यात दुसरा काही अर्थ नव्हता.

मला ऐकू येत नाही. पार बहिरा नाही झालो अजून. मेकॅनिकचं कळतं, तुझ्या बापाचा घोगरा आवाज कळतो. बायकांचे आवाज आधी गेले. तीन वर्षं झाली असतील. घोषणाबाई बोलते तेव्हा कानात नुसती शीळ वाजते, मधूनच एखादा शब्द लागतो. रोज त्याच वेळी त्याच गोष्टी सांगते, वारा, धावपट्टी, कोण पुढे आहे. नव्वद टक्के अंदाजानं भागतं. मग म्हणायचं, समजलं. परवान्यासाठी तपासणारा डॉक्टर माझा जुना विद्यार्थी. दर वर्षी समोर बसून विचारतो, सर, ऐकू येतं ना नीट? मी त्याच्या ओठांकडे बघून हो म्हणतो. त्या चौकशीच्या साहेबांनी रेकॉर्डिंग लावलं तेव्हा समोर कागदावर वाक्य लिहिलेलं होतं, म्हणून मला कळलं काय वाजतंय ते.

तू लिहिलंस, शंभर ऐकून कुणीही फूटच समजेल. बरोबर आहे. मीही तेच समजलो असतो. पण त्यासाठी आधी शंभर ऐकू यायला हवं होतं. तुझी चूक झाली ती झालीच, तिची शिक्षा तुला योग्य मिळाली आणि मी ती कमी करा म्हणून कुणाला सांगणार नाही. पण तुझ्या चुकीच्या आड माझी लपून गेली. माझा कागद आला, त्यावर निर्दोष लिहिलेलं. मी तो घडी करून खिशात ठेवला आणि ठरवलं, गप्प बसायचं. एवढं सगळं झाल्यावर कुणाला काय पडलंय? त्या दिवशी एकटाच उडालो, वीस मिनिटं. सांगायला लाज वाटते, पण इतका आनंद मला वर्षानुवर्षांत झाला नव्हता. खाली आलो तर मेकॅनिकनं पुन्हा घारीची थट्टा केली, आणि मला वाटलं, चला, सगळं जागेवर आलं. तुला लिहायला बसलो की मात्र लिहवत नव्हतं.

परवा परवाना देऊन आलो. कारणाच्या रकान्यात खरं लिहिलं. तुझं वर्ष जाईल आणि तुझा तुला परत मिळेल. माझा परत मिळायला नको. तुला वाटेल, मग मी खाली उतरले कशाला, एवढं सगळं सांगितलं कशाला. तसं वाटून घेऊ नकोस. तू तुझं सांगितलं नसतंस तर मी माझं कधीच सांगितलं नसतं. घरात बसून सगळ्यांना ड्रोनच्या नावानं शिव्या घालत म्हातारा झालो असतो.

तरीसुद्धा तुझ्या पत्रामुळे मी उठलो असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. दंतवैद्य बाई आल्या म्हणून उठलो.

मागच्या रविवारी आल्या. एक बोट वाकतं आता, दुसरं नाही. दात काढायचं काम यापुढे जमणार नाही म्हणाल्या, तपासून औषधं लिहून देतील. मी चहा केला. त्या म्हणाल्या, सर, पट्टी निघाली की मी परत शिकायला येणार, आणि तुमच्याशिवाय कुणाबरोबर बसणार नाही. मी म्हटलं, का? तर म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही किती शांत होतात. मला ते समोर दिसलं तेव्हा मी घाबरून म्हटलं, सर, समोर काहीतरी आहे. तुम्ही शांतपणे म्हणालात, समजलं. म्हणून मग मी काही केलं नाही. म्हटलं, सरांनी पाहिलंय.

भाचेबाई, त्या बोलल्या होत्या हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. कानात शीळ वाजली ती घोषणाबाईची असेल म्हणून सवयीनं समजलं म्हणालो असणार. माझ्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. दोन-तीन सेकंद होते आमच्याकडे. तेवढ्यात विमान बाजूला काढता येतं, मी कितीतरी जणांना ते शिकवलंय.

मी त्यांना सांगितलं. सगळं, जसं तुला आता लिहिलं तसंच. त्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. मग मान खाली घालूनच काहीतरी बोलल्या. मी म्हटलं, "परत सांगा. मला ऐकू आलं नाही."

त्यांनी मान वर केली आणि मला ओठ दिसतील अशा बेतानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "हे आधी सांगितलं असतंत, तर मी तुमचा हात धरून दाखवलं असतं."

त्यांनी डाव्या हातानं चहा संपवला आणि गेल्या.

तुझा,
मामा